एक मिनिट पन्नास सेकंद

रविवारी दुपारी बाबांच्या घराच्या जिन्यात दादाने माझ्या हातात निळ्या पुठ्ठ्याची एक वही ठेवली आणि म्हणाला, "आत त्यांच्यासमोर नको. आधी वाच, मग भांड." मी भांडणार हे दादाला नेहमीच आधी ठाऊक असतं, त्यामुळे तो आपणहून परवानगी देऊन मोकळा होतो. वहीत बाबांच्या चुका होत्या. तारीखवार, समास सोडून, दादाच्या त्या शाळामास्तरी अक्षरात. तीस वर्षं मुलांच्या चुका काढून झाल्या, आता बापाच्या, असं मी मनात म्हटलं आणि तिथेच पायरीवर बसले. गॅस चालू ठेवून झोपले. किल्ली फ्रीजमध्ये सापडली. मला काकांच्या नावाने हाक मारली. इथवर मला वाईट वाटत होतं, पण ते सगळ्यांना वाटतं तसं. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या वहीत याहून वेगळं काय असणार? मग पुढची नोंद आली: टीव्हीतली माणसं हल्ली भरभर बोलतात म्हणाले. त्याच्या खाली: मालिकेत नसलेलं दृश्य सांगितलं, पोस्टमनचं. मग जिन्यातल्या गाण्याचं, तेही नसलेलं. आणि चौथी जरा लांब. 'दंतवैद्य बायकोच्या खुर्चीत बसून तिच्या कपातला चहा पितो, असं शपथेवर सांगतात. तो भाग, त्रेसष्टावा, मी त्यांच्याबरोबर बसून पाहिला. असं काही नाही.' त्याखाली आणखी एक ओळ होती: 'आईला परत आणायला गेलो ते हे दृश्य पाहून, असं म्हणतात.' मी बोट ठेवून मोजलं. वहीत एकूण अकरा नोंदी होत्या. त्यातल्या पाच माझ्या होत्या.

"शनिवारी वृद्धनिवासाच्या बाई येणार आहेत," दादा म्हणत होता. "सकाळी अकराला. तासभर बोलतील त्यांच्याशी, प्रश्न विचारतील, वही बघतील. खोली रिकामी आहे एक, बागेकडची. तू येऊन जाऊन असतेस. रोज मी असतो इथे. गॅसचा वास मला आला होता, तुला नाही." यात खोटं काही नव्हतं. दादा दुष्ट नाही, दमलेला आहे, आणि दमलेल्या माणसाशी भांडायला मला आवडत नाही, कारण त्यात जिंकल्यासारखं वाटतच नाही. मी एवढंच विचारलं, "बाबांना जायचंय का तिथे?" तो म्हणाला, "त्यांना काय वाटतं यावर आता किती भरवसा ठेवायचा, हाच तर प्रश्न आहे ना." आतून बाबांचा आवाज आला, "छटाक, बाहेर काय करतेस? चार वाजत आले." मी लहानपणी छटाकभर होते म्हणून छटाक. आता बावन्न वर्षांची आणि चांगली वजनदार आहे, पण बाबा वजनमापं खात्यात निरीक्षक होते आणि त्यांनी एकदा मारलेला शिक्का पुसत नाही.

मी एका वाहिनीत जुन्या मालिका कापते. हे असं सरळ मी कुणाला सांगत नाही. बाबांना तर मी सांगितलंय की मी जुन्या फिती साफ करते, ओरखडे काढते, आवाजातली खरखर घालवते. "म्हणजे जीर्णोद्धार," ते म्हणाले होते आणि शेजारच्यांना सांगून आले होते. खरं असं की पूर्वी विनोदी मालिकेचा एक भाग पंचवीस मिनिटं चाळीस सेकंदांचा असायचा. आता त्याच अर्ध्या तासात जाहिराती जास्त बसवायच्या असतात, म्हणून तो एकवीस मिनिटं तीस सेकंदांत आणावा लागतो. चार मिनिटं दहा सेकंद जातात कुठे? आधी शीर्षकगीत जातं. मग माणसांचं चालणं: दार उघडून माणूस सोफ्यापर्यंत येतो ते काढून त्याला थेट सोफ्यावर बसवायचं. मग हशे. प्रेक्षकांचं हसू नऊ सेकंदांचं असेल तर तीनच ठेवायचं. मग ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही असा एखादा माणूस, पोस्टमन म्हणा, अख्खाच काढायचा. एवढं करूनही उरलंच, तर सगळा भाग किंचित वेगाने पळवायचा, शंभराला चार या हिशेबाने. आवाज थोडे चिरके होतात, पण कुणाला कळत नाही. कुणाला कळत नाही, हे आमच्या विभागप्रमुखांचं लाडकं वाक्य आहे. त्यांना आम्ही मिनिटसाहेब म्हणतो. "अकरा वर्षं कापतोय, एक पत्र आलं नाही. एक!" असं ते नव्या लोकांना बोट वर करून सांगतात. त्या वेळी मीही हसत असे, आणि माझं ते हसूही तीनच सेकंदांचं असे.

'तळमजला, डावीकडे' ही मालिका मी अकरा वर्षांपूर्वी कापली, एकशे छप्पन भाग, पाच महिन्यांत. एक दंतवैद्य, त्याची बायको, वरच्या मजल्यावरचा घरमालक आणि दोन खोल्या, बस्स. तेव्हापासून ती रोज दुपारी चारला लागते, संपते, पुन्हा पहिल्यापासून लागते, आणि बाबा ती रोज पाहतात. म्हणजे अकरा वर्षं मी आमच्या बापाला रोज चार मिनिटं कमी भरून देत होते आणि तो ती कमी भरलीत असं सांगत होता आणि आम्ही त्याचं डोकं तपासायला निघालो होतो. जिन्यात बसून मला हे कळलं तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली नाही, राग आला. दादाचा, मिनिटसाहेबांचा, त्या निवासाच्या न पाहिलेल्या बाईंचा, जो सापडेल त्याचा. लाज घरी गेल्यावर आली, भांडी घासताना. चहाच्या दृश्याचं मला काहीच आठवत नव्हतं. कापलेलंही आठवत नव्हतं.

सोमवारी कामावर गेल्यागेल्या मी त्रेसष्टावा भाग मूळ स्वरूपात उघडला. त्याला परवानगी लागत नव्हती, उलट तेच काम होतं, कारण महिन्याभरापूर्वी आणखी पन्नास सेकंद कमी करायचा हुकूम निघाला होता आणि मी सगळे भाग मुळापासून पुन्हा कापत होते. माझी खोली लहान आहे, खिडकी नाही, दोन पडदे आणि एक कुरकुरणारी खुर्ची. खालच्या पडद्यावर आवाजाची रेष पळते. बोलणं आलं की ती दातेरी होते, हशा आला की डोंगर होतो, आणि शांतता असली की सपाट. आम्ही खरं तर कापतो ते डोळ्यांनी नाही, या रेषेवर. सपाट दिसलं की तिथे काही नाही, घे काढून. चौदाव्या मिनिटाला रेष सपाट झाली आणि एक मिनिट पन्नास सेकंद सपाटच राहिली. अकरा वर्षांपूर्वी मी ते दृश्य पाहिलंच नव्हतं. रेष पाहिली होती आणि दोन टोकांना दोन बोटं ठेवून उचललं होतं, भाजीतला केस काढावा तसं.

या वेळी मी हात मांडीवर ठेवून पाहिलं. बायको भांडून भावाकडे गेली आहे. दंतवैद्य सवयीने दोन कप चहा ओततो. आपल्या खुर्चीत बसतो, समोरच्या कपाकडे बघतो. आता काहीतरी गंमत होणार असं वाटतं, पण होत नाही. तो आपला चहा पितो. मग उठतो, टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि तिचा चहा पितो. पिता पिता वर बघतो. तिच्या खुर्चीतून दार दिसत नाही. खिडकी दिसत नाही. समोर दिसते ती त्याची स्वतःची खुर्ची, तिच्यावर उघडं पडलेलं वर्तमानपत्र, आणि मागची रंग उडालेली भिंत. इतकी वर्षं ती रोज हे बघत आली. तो कप खाली ठेवतो. प्रेक्षकांत कुणीतरी एकदा खोकतं. त्या एका खोकल्याचा रेषेवर बारीक दात आहे, तोही मी पाहिला नव्हता.

मी नऊ वर्षांची होते आणि दादा बारा, तेव्हा आई अकरा दिवस मावशीकडे जाऊन राहिली होती. का गेली ते आम्हांला कुणी सांगितलं नाही, पण घर ऐकत असतं. बाबा तेव्हा बाजारातल्या दुकानदारांचे कर्दनकाळ होते. एकदा काटा मारताना कुणी सापडला की त्याला ते कोर्टात नंतर खेचत, आधी त्याच दुकानात, त्याच गिऱ्हाइकांसमोर सगळा माल पुन्हा मोजायला लावत. "माप लोकांसमोर कमी भरलं ना? मग लोकांसमोरच पुरं भरायचं." बाहेर असा सरळ काटा, पण घरात बोलायचे ते निरीक्षकासारखंच, आणि आई काही दुकान नव्हती. अकराव्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीसमोर जेवत होतो. बाबा मधेच उठले. मला वाटलं, पाणी आणायला. ते आईच्या जागी जाऊन बसले, स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या त्या स्टुलावर, आणि तिथून आमच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दादा, हिच्याकडे बघ. मी उद्या दुपारपर्यंत येतो," आणि चपला घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली, पिशवी टेकवली आणि आधी स्टुलाची जागा बदलली. पुढे ती एकतीस वर्षं होती. दादाला त्या दिवसाबद्दल एवढंच आठवतं की बाप आपल्याला एकटं टाकून गेला आणि बारा वर्षांच्या पोराने रात्रभर दाराला खुर्ची लावून पहारा केला. त्याचंही खरंच आहे. पण बाबा का गेले, हे त्यांनी कधी तरी त्याला सांगितलं, बहुधा कसंबसं, आणि त्याने ते चूक म्हणून वहीत लिहिलं.

मला आधी वाटलं, सोपं आहे. हा तुकडा घ्यावा, दादाच्या नाकासमोर धरावा. मग त्याचा आवाज मला न विचारताच ऐकू आला: "तुझंच तर काम आहे हे. तू काहीही जोडून आणशील." आणि बाबांना काय दाखवायचं? पुरावा? आपल्या आठवणीची पावती दाखवून त्यांना सिद्ध करायचं, जणू ते आरोपी आहेत? नाही. कमी जिथून भरलं, तिथूनच पुरं भरायला हवं होतं. त्या दिवशी अठ्ठावन्नावा भाग लागणार होता. मी बोटांवर मोजलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शनिवारी चारला त्रेसष्ट. मला एकदम हसू आलं, खोलीत एकटी असताना, पुरं नऊ सेकंदांचं. मी दादाला फोन केला. "बाईंना सकाळी नको, चारला बोलव. मी असेन." "चारला ते मालिका बघतात." "बघू दे की. प्रश्न मधल्या जाहिरातींत विचारता येतील, जाहिराती भरपूर आहेत."

आता वीस मिनिटं चाळीस सेकंदांत हे एक मिनिट पन्नास बसवायचं म्हणजे दुसरीकडून तितकंच काढायला हवं. रेषेवर सगळ्यात मोठा डोंगर सतराव्या मिनिटाला होता: छत्री. वरच्या मजल्यावरचा नळ गळतोय, दंतवैद्याच्या घरात छतातून पाणी टपकतंय, आणि घरमालक खाली येऊन ठणकावून सांगतोय की गळती बिळती काही नाही. बोलता बोलता तो कोपऱ्यातली छत्री उचलतो, उघडतो, डोक्यावर धरतो आणि तशाच आवाजात पुढे वाद घालत राहतो. चाळीस वर्षं लोक यावर हसताहेत. सगळं मिळून एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. आठवडाभर वाहिनी त्याचीच जाहिरात करत होती, 'शनिवारी पाहा, छत्री!' मी छत्री काढली. उरलेले दोन सेकंद एका हशातून घेतले. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. लांबी बरोबर भरली. प्रत्येक भागाबरोबर एक तक्ता जातो, त्यात 'काय काढले' असा रकाना असतो. तिथे मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: छत्री. 'काय ठेवले' असा रकाना नसतो. खाली सही केली. तपासणारा माणूस लांबी बघतो, पडदा कुठे काळा पडत नाही ना ते बघतो, रकाने बघत नाही. फाइल मंजूर होऊन गेली. गुरुवारी मिनिटसाहेब दारात डोकावून म्हणाले, "शनिवारचा भाग दणक्यात जायला हवा." मी म्हटलं, "जाणार." नवरा त्या आठवड्यात मला दोनदा म्हणाला की तू हल्ली माझं वाक्य पुरं होऊ देतेस, बरी आहेस ना? एरवी मी त्याला अर्ध्यावर तोडते, त्यामुळे तो वाक्यंच आखूड बोलायला शिकला आहे. मी म्हटलं, बरी आहे. पण रात्री मला वाटे, बाबांनाच ते दृश्य वेगळं आठवत असलं तर? कपच नसले आठवणीत, किंवा आता पाहून ते म्हणाले, हे कुठलं? मग मी स्वतःच्या हाताने बाराव्या नोंदीची सोय केलेली असेल.

शनिवारी निवासाच्या बाई पावणेचारला आल्या. करड्या साडीतल्या, हसऱ्या, मांडीवर छापील कागद. मी त्यांचा राग करायचं ठरवून बसले होते, ते जमेना. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि घड्याळ बांधलं होतं. बाई म्हणाल्या, "आजोबा, आज वार कोणता?" बाबा म्हणाले, "शनिवार. तुम्ही सकाळी अकराला येणार होता, पावणेचारला आलात. पावणेपाच तास." दादाने वही गुडघ्यावर उघडून ठेवली होती. वहिनी आतून पाणी घेऊन आली आणि मालिका सुरू झाली. शीर्षकगीत नाही, चालणं नाही, सगळे थेट सोफ्यावर. पहिल्या जाहिरातींत बाईंनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मी काही ऐकत नव्हते. माझ्या डोक्यात ती रेष पळत होती, दात, दात, छोटा डोंगर, दात, आणि मग ती सपाट झाली.

दंतवैद्याने दोन कप ओतले. दादाने वहीतून डोकं वर काढलं. दंतवैद्य उठला, टेबलाला वळसा घातला, तिच्या खुर्चीत बसला. बाई कागदावर काहीतरी लिहीत होत्या, त्या थांबल्या. मी टीव्हीकडे बघतच नव्हते, बाबांकडे बघत होते. ते 'बघ, सांगत होतो ना' असं काही म्हणाले नाहीत. दादाकडे वळलेही नाहीत. त्यांनी फक्त हात बाजूच्या रिकाम्या खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, आणि तो खोकला आला तेव्हा त्याच्या बरोबरीने, किंचित आधीच, स्वतः खोकले. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. दादा हळूच म्हणाला, "हे नव्हतं. आई शपथ, हे नव्हतं. मी पाहिलाय हा भाग, पाच वेळा."

मी तेव्हाच सांगणार होते, पण बाबांनी हात वर करून गप्प केलं. मालिका चालू असताना बोललेलं त्यांना चालत नाही. घरमालक आला, गळती नाही म्हणाला आणि एका क्षणात दारातून बाहेर गेला. बाबांनी भुवया आवळल्या. "छत्री कुठाय?" ते म्हणाले. "हो की!" दादा ताडकन म्हणाला. "छत्री होती! तो छत्री उघडतो आणि... आठवडाभर दाखवतायत, मी त्याच्यासाठीच बसलोय!" आणि मग तो स्वतःच थांबला. आपण काय बोललो हे त्याला हळूहळू उमगत गेलं. बाईंनी विचारलं, "तुम्हांलाही आठवतेय? पण आता तर नव्हती." खवचटपणे नाही, साधेपणाने विचारलं.

"छत्री मी काढली," मी म्हटलं. "या आठवड्यात. आणि चहाचं दृश्य मी काढलं होतं, अकरा वर्षांपूर्वी. पोस्टमन मी काढला. जिन्यातलं गाणं मी काढलं. माणसं भरभर बोलतात, कारण मी त्यांना पळवते. मी जीर्णोद्धार वगैरे काही करत नाही, बाबा. मी कापते. तुम्ही अकरा वर्षं खरं सांगत होता." एवढं एका दमात बोलून मी दादाच्या गुडघ्यावरची वही घेतली, त्याच्याच खिशातलं पेन घेतलं आणि पाच ओळी खोडल्या. प्रत्येक ओळीपुढे सही केली. दादा आड आला नाही. तो टीव्हीच्या मागच्या कोपऱ्याकडे बघत होता. आईचं स्टूल आता तिथे असतं, त्यावर कुंडी आहे. "त्या दिवशी तुम्ही हे पाहून गेलात?" त्याने बाबांना विचारलं. बारा वर्षांच्या पोरासारखा आवाज झाला होता त्याचा. बाबा म्हणाले, "हे पाहूनच गेलो. तुला सांगून जायला हवं होतं, नीट. ते राहिलं."

माझा फोन थरथरू लागला. मिनिटसाहेब. मी सगळ्यांसमोर उचलला. पलीकडून ते इतके भरभर बोलत होते की मला वाटलं त्यांनाही कुणीतरी शंभराला चारच्या हिशेबाने पळवलंय. छत्री, फोनवर फोन, लोक, कोण जबाबदार. "मी," मी म्हटलं. "तक्त्यात लिहिलंय, सही आहे. चुकून नाही, मुद्दाम. तुम्ही म्हणत होता ना, कुणाला कळत नाही? माझ्या घरात दोघांना कळलं. काढायचं तर काढा मला, पण सोमवारी मी येणार आहे आणि सत्तराव्या भागात पोस्टमन परत घालणार आहे." त्यांचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. जुनी सवय आहे.

बाबा माझ्याकडे बघत होते. बाजारात बघायचे तसे, काट्याच्या दोन्ही पारड्यांकडे एकदम. "म्हणजे काटा तू मारत होतीस, छटाक," ते म्हणाले. मी मान हलवली. मला वाटलं, आता ते बोलतील, आणि बोलायला हवंच होतं. पण त्यांनी वहीसाठी हात पुढे केला. चष्मा लावून पान लांब धरलं आणि माझ्या पाचही खोडलेल्या ओळी एकेक करून वाचल्या, सह्या तपासल्या. मग बोट वर सरकवत पहिल्या ओळीवर आणलं आणि वही बाईंच्या हातात दिली.

"गॅसचं खरं आहे," ते म्हणाले. "ते खोडायचं नाही. आता विचारा काय विचारायचंय ते."